विश्लेषण : गणितज्ञ पास्कलने देव सिद्ध करण्याचा नाद का सोडला?

‘पास्कल’ म्हटले की आठवते ते दाबाचे एकक. ते ज्याच्या नावावरून पडले, त्या ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कोटाच्या अस्तरात मृत्यूनंतर एक कागद सापडला. ही गोष्ट मात्र अभ्यासक्रमात नसते.

पुराव्यावर जगणारा माणूस

जन्म १६२३चा, क्लेर्माँ गावातला. आई तो तीन वर्षांचा असतानाच गेली. वडील करवसुली खात्यात अधिकारी. त्यांची आकडेमोड वाचावी म्हणून त्याने विशीच्या आत दातेरी चाकांचे बेरीज-वजाबाकीचे यंत्र बनवायला घेतले. १६४८मध्ये त्याच्या सांगण्यावरून मेहुण्याने पाऱ्याची नळी प्युई द डोम डोंगरावर नेली. वर पारा खाली उतरला आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो हे दिसले. १६५४मध्ये फर्मासोबतच्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया पडला.

त्या रात्री काय झाले?

२३ नोव्हेंबर १६५४. रात्री साधारण साडेदहा ते साडेबारा या वेळात पास्कलला तीव्र धार्मिक अनुभव आला. त्याने तो तुटक शब्दांत लिहिला : आग, आनंद, अश्रू. हा देव अब्राहमचा, तत्त्वज्ञांचा नव्हे, असेही त्यात होते. वेळ टिपून ठेवण्याची सवय मात्र प्रयोगशाळेतलीच! पुढची आठ वर्षे तो कागद कोट बदलला की नव्या अस्तरात शिवला जाई. कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

मग बुद्धीचे काय?

पास्कलने बुद्धीला रजा दिली, असा समज आहे, तो चुकीचा. त्याचे म्हणणे भूमितीतूनच आलेले होते. प्रत्येक सिद्धतेला आधीची सिद्धता लागते, पण हे मागे जाणे कुठेतरी थांबते. अवकाशाला तीन मिती आहेत, संख्या अनंत आहेत, हे आपण सिद्ध करत नाही. ते आतून उमगते. या उमगण्याला तो हृदय म्हणतो. गणिताचीच ही गत, तर अनंत देव मर्यादित बुद्धीत कसा मावणार? बायबलमधील यशया संदेष्ट्याप्रमाणे त्याच्याही लेखी देव लपलेला आहे. शोधणाऱ्याला पुरेल इतका उजेड, टाळणाऱ्याला पुरेल इतका अंधार.

त्याची प्रसिद्ध ‘पैज’ही इथेच बसते. देव आहे की नाही हे बुद्धी ठरवू शकत नाही, पण जगताना बाजू घ्यावीच लागते. गमावण्यासारखे मर्यादित आणि मिळण्यासारखे अनंत, तर डाव कुठे लावाल? हा देवाचा पुरावा नाही. अनिश्चिततेतला निर्णय आहे. आजचे अभियंते जोखीम मोजतात ती जवळपास अशीच. त्यावरचा आक्षेपही तगडा आहे. हाच युक्तिवाद एखादा इमामही करू शकेल, असे अठराव्या शतकात दिदरोने सुनावले. पैजेपुरते पाहिले तर त्याला चोख उत्तर मिळत नाही.

अपुरे पुस्तक

ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्याचा बेत होता, पण प्रकृती साथ देईना. मार्च १६६२मध्ये पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गांवर धावणाऱ्या, पाच सू भाड्याच्या घोडागाड्या सुरू करण्यात त्याचा पुढाकार होता. शहरी बससेवेचीच ही पूर्वज म्हणायची. १९ ऑगस्टला, वयाच्या ३९व्या वर्षी, तो गेला. काही दिवसांनी नोकराच्या हाताला अस्तरातला फुगवटा लागला.

ग्रंथाची टिपणे तेवढी मागे उरली, अनेक कागद कापून गठ्ठ्यांत ओवलेले. मित्रांनी ती १६७०मध्ये ‘पाँसे’ म्हणून छापली. अस्तरातला कागद त्यात नव्हता.