जेम्स वॉट व वजनमापांचा घोळ

जेम्स वॉट हें नांव उच्चारलें कीं पुष्कळांस किटलीच्या झांकणाची गोष्ट आठवते. ती गोष्ट खरी असो वा नसो, तिच्या पायीं ह्या पुरुषाच्या आयुष्याची एक दुसरी बाजू झांकली गेली आहे, असें आम्हांस वाटतें. वाफेच्या यंत्रासाठीं त्यानें घेतलेले श्रम सर्वश्रुत आहेत. परंतु देशोदेशींच्या वजनमापांनीं त्यास किती सतावलें, व त्यावर त्यानें कोणता उपाय सुचविला, हें फारसें कोणी सांगत नाहीं. तोच भाग आम्हीं येथें विस्तारानें देत आहों.

वॉटचा जन्म ता. १९ जानेवारी १७३६ रोजीं स्कॉटलंडांतील ग्रीनॉक बंदरीं झाला. आजोबा गणिताचे शिक्षक. वडील जहाजांच्या धंद्यांतील कारागीर व व्यापारी. मुलाची प्रकृति नाजूक असून डोकेंदुखी त्याच्या पाठीस कायमची लागलेली. १७५५ सालीं लंडनास जाऊन शास्त्रीय उपकरणें बनविण्याची विद्या त्यानें सुमारें एका वर्षांत हस्तगत केली. ग्लासगोस परतल्यावर, सात वर्षें उमेदवारी केली नाहीं ह्या सबबीवर, तेथील कारागिरांच्या संघानें त्यास दुकान थाटूं दिलें नाहीं. तेव्हां विश्वविद्यालयानेंच १७५७ सालीं आपल्या आवारांत त्यास जागा दिली. तेथें न्यूकोमेनच्या यंत्राचा एक नमुना दुरुस्तीसाठीं त्याच्या हातीं आला, आणि १७६५ सालीं वाफ निराळ्या भांड्यांत थंड करण्याची युक्ति त्यास सुचली. पुढचीं आठ-नऊ वर्षें हलाखींत गेलीं. पहिल्या भागीदाराचें दिवाळें वाजलें, पोटासाठीं कालव्यांची मोजणी करावी लागली, आणि १७७३ सालीं पत्नी निवर्तली. १७७४ सालीं तो बर्मिंगहॅमास मॅथ्यू बोल्टन ह्या उमद्या कारखानदाराकडे गेला, तेव्हां कोठें त्याचे दिवस पालटले.

ह्या भागीदारांच्या व्यवहाराची रीत मोठी मौजेची होती. यंत्राचे भाग गिऱ्हाइकानें आपल्या खर्चानें करवून घ्यावे, आणि जुन्या यंत्राच्या मानानें जो कोळसा वांचेल त्याच्या किंमतीचा तिसरा हिस्सा दरसाल भागीदारांस द्यावा, असा करार असे. म्हणजे सारी मिळकत मोजमापावर अवलंबून! कॉर्नवॉल प्रांतांतील खाणींत एका बुशेल कोळशावर किती पौंड पाणी एक फूट वर चढतें, ह्यावरून यंत्राची पारख होई. पण बुशेल हें आपल्या पायलीसारखें भरून मोजण्याचें माप. एक बुशेल कोळसा कोठें ८४ पौंड धरीत, तर कॉर्नवॉलांत ९४ पौंड. यंत्राचे हेलकावे मोजण्यासाठीं वॉटनें कुलूपबंद पेटींत एक गणक बसविला होता, तरीही खाणवाल्यांची कुरकुर थांबली नाहीं. घासाघीस ही गोष्टच वॉटला मनापासून नावडती. ती बाजू बोल्टन सांभाळी.

पुढें यंत्रानें चाक फिरूं लागलें आणि गिरणीवाले गिऱ्हाईक म्हणून येऊं लागले. त्यांच्या गिरण्या घोड्यांवर चालत. सबब यंत्र किती घोड्यांचें काम करील, एवढाच त्यांचा प्रश्न. वॉटनें आधीं ३२,४०० हा आंकडा काढला व १७८३ सालीं तो ३३,००० असा पुरा केला. मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलील ती एक अश्वशक्ति. सामान्य घोड्यास एवढें काम दिवसभर झेपत नाहीं. म्हणजे वॉटनें माप भरपूर दिलें, असेंच आम्हीं म्हणूं. दर अश्वशक्तीस सालीना पांच पौंड, आणि लंडनांत सहा, असा आकार ठरला.

त्याच १७८३ सालीं पाणी हें मूलतत्त्व नसून संयुक्त पदार्थ आहे, ह्या विचारांत वॉट गढला होता. त्यासाठीं किरवान ह्या आयरिश रसायनज्ञाचे व पॅरिसच्या लाव्हाझिएचे प्रयोग त्यास ताडून पाहावयाचे होते. येथें खरी पंचाईत झाली. फ्रेंच पौंडाचे १६ औंस, औंसाचे ८ ग्रो व ग्रोचे ७२ ग्रेन, म्हणजे एकूण ९,२१६ ग्रेन. इंग्रजी ट्रॉय पौंडाचे ५,७६० ग्रेन, आणि बाजारी पौंडाचे ७,०००. फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षां थोडासाच मोठा. परंतु वायु घनइंचांनीं मोजूं गेलें तर १०० फ्रेंच घनइंचांचे सुमारें १२१ इंग्रजी घनइंच होतात. शब्द तेच, वस्तु निराळ्या! ज्यांनीं गणिताच्या तासास अशीं रूपांतरें केलीं असतील, त्यांस वॉटची चीड सहज समजेल.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत वॉटनें किरवानला पत्र लिहून आपली योजना कळविली. शास्त्रज्ञांनीं एकच पौंड मानावा. त्याचे १० औंस, औंसाचे १० ड्राम व ड्रामाचे १०० ग्रेन करावे. आणि वायूचें आकारमान एक औंस पाणी मावेल अशा मापानें सांगावें, म्हणजे घनइंचांचा तंटाच मिटेल. कोणाचा पौंड घ्यावयाचा ह्याविषयीं त्याचा आग्रह नव्हता. ही निरभिमान वृत्ति आम्हांस विशेष वाटते. कारण आपल्या पेटंटाच्या बाबतींत हाच मनुष्य अतिशय हट्टी होता, व त्या हट्टानें इतर कारागिरांच्या सुधारणा अडून राहिल्या, हेंही नाकारतां येत नाहीं.

१७८६ सालीं वॉट व बोल्टन पॅरिसला गेले असतां लाव्हाझिए, लाप्लास, मोंज इत्यादि विद्वानांच्या भेटी झाल्या. पुढें फ्रान्सांत नवीं मापें ठरविण्याच्या कामीं हेच तिघे होते. त्यांचा वॉटच्या पत्राशीं कितपत संबंध पोहोंचतो, ह्या वादांत आम्हीं शिरत नाहीं. लाव्हाझिएचा १७९४ सालीं शिरच्छेद झाला, आणि १७९५ सालीं मीटर व ग्रॅम ह्यांचा कायदा झाला. इंग्लंड मात्र फूट-पौंडांस धरून राहिलें. १८०० सालीं वॉटनें धंदा सोडला, व ता. २५ ऑगस्ट १८१९ रोजीं बर्मिंगहॅमनजीक हीथफील्ड येथील घरीं त्याचा अंत झाला. देशांतल्या देशांत तरी बुशेल व गॅलन एक व्हावे, असा इंग्लंडचा कायदा १८२४ सालचा. तो पाहावयास वॉट उरला नव्हता.

त्याच्या पश्चात् घडलें तें अधिक विलक्षण. १८८२ सालीं शक्तीच्या नव्या एककास वॉट हें नांव सुचविण्यांत आलें, व आज तें सर्व जगाच्या दशमान पद्धतींत आहे. इकडे त्याच्या घोड्याचे मात्र दोन घोडे झाले! जर्मनी, फ्रान्स वगैरे देशांनीं सेकंदास ७५ किलोग्रॅम एक मीटर उचलण्याची शक्ति ती अश्वशक्ति असें मानलें. ती भरते ७३५.५ वॉट. वॉटची मूळची भरते ७४५.७. त्यामुळें इंग्रजी मापानें १०० अश्वशक्तीचें इंजिन युरोपांत १०१ हून अधिक अश्वशक्तीचें ठरतें.

आपल्याकडेही मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून अधिक, असा प्रकार पूर्वीं होता. १९५६ च्या कायद्यानें किलोग्रॅम व मीटर आले, आणि मण-शेर हळूहळू मागें पडले. घोडा तेवढा राहिला. शेतकरी विहिरीसाठीं मोटर घेतो ती पांच एच. पी. ची म्हणून, आणि तिच्यावरील पत्र्याच्या पट्टीवर ‘३.७ किलोवॉट’ व ‘५ एच. पी.’ हे आंकडे शेजारीं शेजारीं कोरलेले असतात.