गायनाचार्य अल्लादिया खाँ : कंठभंगानंतरची साधना

करवीर नगरीचे नाव घेताच अंबाबाईचे मंदिर, तालमीचे आखाडे आणि राजर्षी शाहू छत्रपती यांचे स्मरण प्रथम होते. परंतु याच नगरीत एका परप्रांतीय गायकाने आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे वेचली आणि तेथूनच महाराष्ट्राच्या संगीताला नवे वळण दिले. ते गायक म्हणजे उस्ताद अल्लादिया खाँ. शास्त्रार्थाची गोडी असलेल्या आमच्या वाचकांना त्यांचे चरित्र विशेष रुचेल, कारण मूळ सूत्र न सोडता नवे भाष्य कसे रचावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रत्यक्ष जगण्यात उभा राहिला होता.

खाँसाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी जयपूर राज्यातील उणियारा या छोट्या संस्थानात झाला. घराणे मूळचे अलीगढजवळील अत्रौलीचे. आपले पूर्वज ब्राह्मण होते, अशी त्यांच्या कुळातील परंपरागत कथा होती. पिता ख्वाजा अहमद खाँ हे लवकर निवर्तले आणि विद्यादानाचा भार चुलते जहांगीर खाँ यांच्यावर पडला. त्यांनी पुतण्यास आधी सुमारे पाच वर्षे धृपद शिकविले व त्यानंतर आठ वर्षे ख्याल. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे सर्वस्व गेल्यासारखे झाले तेव्हा हाच धृपदाचा पाया उपयोगी पडला.

राजस्थानातील संस्थानिकांच्या दरबारी गात असता अमलेटा येथे तो प्रसंग ओढवला. तेथे तासन्‌तास, अतिरेकी म्हणावे इतके गावे लागे. त्या श्रमाने त्यांचा आवाज बसला आणि जवळजवळ दोन वर्षे परतला नाही. परतला तो पूर्वीचा नव्हता; त्याचा पल्ला व मार्दव कायमचे हरपले होते. गायकाचा कंठ जाणे म्हणजे लेखकाचे नेत्र जाणे होय. अशा वेळी बहुतेक जण विद्या सोडतात, किंवा जे पूर्वी सहज येत असे त्याचीच ओढूनताणून नक्कल करीत राहतात. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला काय साधेल याचा विचार केला. आवाजाच्या माधुर्यावर जे विसंबत होते ते त्यांनी टाकले. त्याऐवजी लयीशी घट्ट बांधलेला आलाप, भरीव आकार, दीर्घ दमसास आणि एकातून दुसरी उमलावी अशा वक्र, पेचदार तानांची योजना केली. संपूर्ण मालकंस, बसंती केदार, खट यांसारखे अनवट व जोड राग त्यांच्या गायकीची ओळख ठरले. रागाची शुद्धता व बंदिशीची मर्यादा मात्र चुलत्यांनी शिकविली तशीच ठेवली. जयपूर-अत्रौली घराणे म्हणून आज जी गायकी ओळखली जाते, ती या कंठभंगातून जन्मली.

पुढे अनेक गावे हिंडून ते कोल्हापुरी आले आणि शाहू महाराजांचे दरबारी गायक झाले. महाराजांचे गुणग्राहकत्व सर्वविदित आहे. त्याविषयी येथे विस्तार नको. स्वतः निष्ठावंत मुसलमान असूनही देवीच्या या नगरीत खाँसाहेबांना परकेपणा वाटला नाही. त्यांचे पुत्र भूर्जी खाँ यांनी तर अंबाबाईच्या मंदिरात गायनसेवा केली. बाप-लेकांपैकी कोणासही त्यात स्वधर्माची हानी दिसली नाही.

१९२२ साली महाराजांचे देहावसान झाले. तेव्हा खाँसाहेब सहासष्ट वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी मुंबईची वाट धरली. दरबार मावळत होते आणि धनिकांच्या बैठका, शिकवण्या, ध्वनिमुद्रिका यांचे युग सुरू झाले होते. बैठकी त्यांनी स्वीकारल्या. पूर्वी घरातच राखली जाणारी विद्या गोमंतकातून आलेल्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांना दिली. जुन्या पठडीतील गवयाच्या दृष्टीने हे लहान पाऊल नव्हते. परंतु अटी कडक, वर्षानुवर्षांच्या तालमीच्या असत. त्यांत सवलत नसे.

ध्वनिमुद्रिकेपुढे मात्र ते नमले नाहीत. त्यांचे गाणे एकाही तबकडीवर नाही. ज्यांना लोक संगीतातील गौरीशंकर म्हणत, त्यांचा आवाज आज कोणालाच ऐकता येत नाही. या निश्चयाने आपले नुकसान झाले, असे प्रस्तुत लेखकास वाटते आणि ते लपविण्याचे कारण नाही. शिष्या केसरबाईंनी ध्वनिमुद्रण केले. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. गुरूने नाकारलेले यंत्र शिष्येचा स्वर तेथवर घेऊन गेले!

वार्धक्यात आघातही सोसावे लागले. गायकीत स्वतंत्र वाट शोधणारे गुणी पुत्र मंजी खाँ १९३७ साली गेले. त्या वेळी मंजी खाँकडे शिकत असलेले तरुण मल्लिकार्जुन मन्सूर पोरके झाले. तेव्हा भूर्जी खाँनी त्यांना जवळ केले व तालीम पुढे चालविली. स्वतः खाँसाहेब १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत निवर्तले. चार वर्षांनी भूर्जी खाँही गेले. मन्सूर त्यानंतर बेचाळीस वर्षे, १९९२ पर्यंत हयात होते आणि तेच अनवट राग ते अखेरपर्यंत गात राहिले.