विश्लेषण : पाच पृष्ठांची वस्तू कोणती? एका प्रश्नाने ऑयलर यांना काय दाखवले?

घनाकृती ओळखायची तर पृष्ठे मोजा, असे शाळेत शिकवतात. सहाही पृष्ठे चौरस असतील तर घन, चारही त्रिकोणी असतील तर त्रिकोणी सूची. पण नुसते ‘पाच पृष्ठे’ म्हटले तर? चौरस तळाच्या पिरॅमिडला पाच पृष्ठे असतात. दोन उतरत्या बाजूंच्या साध्या तंबूलाही, जमीन धरली तर, पाचच. ही अडचण अठराव्या शतकातील एका गणितज्ञाने मनावर घेतली.

कोण होते ऑयलर?

लेओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे झाला. वडील धर्मोपदेशक. मुलानेही चर्चची वाट धरावी ही त्यांची इच्छा. पण गणितज्ञ योहान बर्नुली यांनी त्यांचे मन वळवले. विसाव्या वर्षी ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत दाखल झाले. तिथेच १७३८ च्या सुमारास उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. १७४१ मध्ये ते प्रशियाच्या राजाकडे, बर्लिनला आले.

पत्रात काय होते?

सपाट आकृतीच्या बाजू मोजल्या की त्रिकोण, चौकोन, पंचकोन असे नाव ठरते. घनाकृतींचेही असेच वर्गीकरण करता येईल का, हा ऑयलर यांचा प्रश्न होता. नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांनी मित्र गोल्डबाख यांना पत्र लिहून आपले निरीक्षण कळवले. पृष्ठांसोबत त्यांनी शिरोबिंदू मोजले, आणि दोन पृष्ठे जिथे मिळतात ती रेषाही. या रेषेला तोवर वेगळे नावसुद्धा नव्हते. युक्लिडच्या ग्रंथात तीही ‘बाजू’च. ऑयलर यांनी तिला स्वतंत्र लॅटिन नाव दिले. आज आपण तिला ‘कड’ म्हणतो. दोन हजार वर्षे लोक घनाकृतींचा अभ्यास करत होते, पण कडा मोजाव्यात हे कुणाच्या फारसे डोक्यात आले नाही, याचे नवल वाटते.

पिरॅमिडला ५ पृष्ठे, ५ शिरोबिंदू, ८ कडा. तंबूला ५ पृष्ठे, ६ शिरोबिंदू, ९ कडा. म्हणजे दोन्ही वेगळे निघाले. शिवाय पृष्ठे आणि शिरोबिंदू यांची बेरीज दोन्हीकडे कडांपेक्षा बरोबर २ ने जास्त. घनातही तेच : ६ अधिक ८ म्हणजे १४, कडा १२. पंचकोन-षटकोनांच्या ठिगळांचा जुना फुटबॉल घ्या : ३२ ठिगळे, ६० कोपरे, ९० शिवणी. हिशेब जुळतो.

तरी ओळख पूर्ण होत नाही. सहा पृष्ठे, आठ शिरोबिंदू आणि बारा कडा असलेली, पण घनासारखी मुळीच नसलेली आकृतीही असते. तिची दोन पृष्ठे त्रिकोणी, दोन चौकोनी आणि दोन पंचकोनी. म्हणून पृष्ठे किती यासोबत ती कोणत्या आकाराची, हे पाहावेच लागते.

सिद्धता कुठे अडली?

आपल्याला हे सिद्ध करता आलेले नाही, अशी कबुली ऑयलर यांनी त्या पत्रातच दिली होती. पुढच्या वर्षी त्यांनी आकृतीचे कोपरे एकेक करून कापत नेण्याची युक्ती मांडली. तिच्यात त्रुटी होती. पक्की सिद्धता १७९४ मध्ये फ्रान्सच्या लेजांद्र यांनी दिली. १८१३ मध्ये लुइलिए यांनी अपवादही दाखवले : मधून आरपार भोक असलेल्या, फोटोच्या चौकटीसारख्या आकृतीत २ ऐवजी ० येतो.

पुढे काय झाले?

राजाशी बिनसल्यावर १७६६ मध्ये ऑयलर सेंट पीटर्सबर्गला परतले. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ च्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस दिसले, मग तेही गेले. तरी मुले आणि सहकाऱ्यांना तोंडी सांगून त्यांचे काम चालूच राहिले. त्यांच्या लेखनाचा जवळपास निम्मा भाग या दुसऱ्या रशियन मुक्कामातला आहे. १८ सप्टेंबर १७८३ रोजी, नुकत्याच सापडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेबद्दल सहकाऱ्याशी बोलणे झाल्यावर, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले.