पतंगांना पत्ता कुणी दिला?

शेवगाव, पाथर्डी किंवा नेवाशाच्या बाजूला कपाशीच्या शेतात काठीला बांधलेली प्लास्टिकची लांबट पिशवी तुम्ही पाहिली असेल. तो कामगंध सापळा. आत मादी पतंगाच्या वासाचं आमिष असतं. नर त्या वासावर येतो आणि अडकतो. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ नर सापडले, की गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त करायची वेळ झाली असं समजतात. उशीर केला तर अळी बोंडात शिरते आणि मग फवारणी तिच्यापर्यंत पोचतच नाही.

पण नराला मादीचा पत्ता वासावरून लागतो, हे कळलं कसं? त्यासाठी फ्रान्समधल्या एका गरीब मास्तरांच्या घरी जावं लागेल. ज्याँ आंरी फाब्र हे त्यांचं नाव. जन्म १८२३ चा. घरात कायम पैशाची चणचण. तरी शिष्यवृत्तीवर शिकून एकोणिसाव्या वर्षी ते प्राथमिक शिक्षक झाले. नोकरी सांभाळत गणित आणि भौतिकशास्त्राच्या पदव्या घेतल्या. पगारात भागेना, म्हणून मंजिष्ठेच्या जातीतल्या झाडाच्या मुळांपासून तांबडा रंग काढायची पद्धत शोधली. तोवर कृत्रिम रंग बाजारात आला आणि अनेक वर्षांचे कष्ट पाण्यात गेले.

खरा फटका पुढेच होता. आव्हिन्यों शहरात ते संध्याकाळी विज्ञानाचे मोफत वर्ग घ्यायचे आणि त्यात मुलींनाही बसता यायचं. फुलात फलन कसं होतं, हे त्यांनी मुलींसमोर समजावून सांगितलं. झालं, धर्मगुरूंनी गहजब केला! नोकरी सुटली, राहतं घरही सोडावं लागलं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी उसने पैसे दिले म्हणून कुटुंब सावरलं. मुलींना शिकवण्याची किंमत काय असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते आपल्या नगरमध्येच, मिस फरार यांच्या शाळेत.

पुढची काही वर्षं फाब्र यांनी शाळेची पुस्तकं लिहून काढली. १८७९ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांना सेरिन्यां गावात स्वतःचं घर मिळालं. सोबतची जमीन दगडगोट्यांची, काटेरी. शेतकऱ्याने नाकारली असती, पण किड्यांसाठी ती स्वर्ग होती. इथेच त्यांनी कीटकांवरच्या दहा खंडांच्या पुस्तकाचा बहुतांश भाग लिहिला.

मे महिन्यातल्या एका सकाळी त्यांच्या टेबलावर कोशातून एक मादी बाहेर आली. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या पतंगाची. त्यांनी ती जाळीखाली ठेवली. रात्री पाहतात तर घरभर नर! चाळीसेक तरी असतील. काळोखात, झाडीतून वाट काढत हे आले कसे? फाब्र यांनी मादी वेगवेगळ्या डब्यांत ठेवून पाहिली. डबा हवाबंद असला की एकही नर येत नसे. झाकणाला जराशी फट राहिली की हजर. खोलीत डांबरगोळ्यांचा उग्र वास केला, तरी ते चुकले नाहीत.

मग दुसऱ्या जातीच्या पतंगावरचा प्रयोग. मादी काचेखाली, अगदी समोर दिसेल अशी ठेवली. ती रात्रभर ज्या वाळूवर बसली होती, ते रिकामं ताट कोपऱ्यात ठेवलं. नर आले आणि समोरच्या मादीला ओलांडून थेट ताटावर गेले! म्हणजे डोळ्यांचं काम नाही. माणसाच्या नाकाला न कळणारा वास त्या वाळूत उरला होता.

तो वास नेमका कोणता, हे समजायला १९५९ साल उजाडलं. फाब्र १९१५ मध्येच गेले होते. जर्मनीत बुटेनान्ट यांनी रेशमाच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून तो रेणू वेगळा केला. पुढे १९८१ मध्ये नराच्या मिशांमध्ये एक प्रथिन सापडलं. वासाचा रेणू तेलकट असतो, मिशांच्या केसातल्या पातळ द्रवात तो सहज मिसळत नाही. हे प्रथिन त्याला उचलून आतल्या ग्राहकापर्यंत नेतं. जणू वासाची रिक्षाच.

आणि अळीचं काय? फाब्र यांनी लाकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळीजवळ कापूर ठेवला होता, ती ढिम्म राहिली. सगळ्या अळ्या मात्र तशा नसतात. रेशमाच्या अळीकडे तुतीच्या पानाचा वास ओळखणारा खास ग्राहक असतो, हे २००९ मध्ये दिसलं. कपाशीसह अनेक पिकं खाणाऱ्या एका पतंगाच्या अळ्या तर मादीच्या कामगंधाकडेही जातात, असं २०१२ मध्ये आढळलं. नराला मादी शोधायची असते, अळीला खाणं. जिथे मादीचा वास, तिथे खायचं झाड असण्याची शक्यता जास्त.

अळीचं हे नाक नीट समजलं, तर उद्या सापळे नुसत्या पतंगांसाठी नाही, अळ्यांसाठीही लावता येतील. राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा तुमच्या कॉलेजात कीटकशास्त्र घेणाऱ्यांसाठी हा विषय मोकळा आहे. सुरुवातीला भारी यंत्रं लागतीलच असं नाही. फाब्र यांनी सुरुवात केली ती एक जाळी, काही डबे आणि ताटभर वाळूवर.