३६व्या वर्षीचे पेन्शनर : नामदार गोखले

जोतिबा (जि. कोल्हापूर) : वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर श्री जोतिबाच्या दर्शनासाठी येणाऱ्यांमध्ये नुकतीच नोकरी संपलेली मंडळीही असतात. गुलालाने माखलेल्या पायऱ्या उतरताना त्यांचे बोलणे हमखास पेन्शनवर येते. १ नोव्हेंबर २००५पासून राज्य शासनाच्या सेवेत येणाऱ्यांना जुनी पेन्शन योजना बंद झाली. ती पुन्हा मिळावी म्हणून मार्च २०२३मध्ये राज्यव्यापी संपही झाला. या वादाच्या निमित्ताने कागल-कोल्हापुरात शिकून मोठ्या झालेल्या एका पेन्शनराचे स्मरण करणे उचित ठरेल. ते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा गोपाळराव अवघे १३ वर्षांचे होते. मिळवता हात गेला आणि कुटुंब उघडे पडले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातील ८ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. त्या आधारावर गोपाळराव १८८१मध्ये मॅट्रिक झाले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. १८८४मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून त्यांनी बी. ए.ची पदवी मिळवली.

अशा घरातील पदवीधराने सरकारी नोकरी आणि तिच्यामागून येणारे पेन्शन पत्करले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. गोखले मात्र पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. दरमहा ७५ रुपये वेतनावर २० वर्षे अध्यापन करावयाचे, असा तेथील दंडक होता.

पेन्शनच्या दुसऱ्या बाजूचाही त्यांनी अभ्यास केला. १८९७मध्ये लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी परक्या नोकरशाहीचा भार आकडेवारीनिशी मांडला. हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने येथील रयतेच्या करातून भरली जात. पैशाबरोबर त्यांचा अनुभवही देशाबाहेर जातो, हे दादाभाई नौरोजी त्याआधीपासून सांगत आले होते.

गोखल्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे १९०१मध्ये पदावर असतानाच निवर्तले. त्यांना निवृत्ती लाभलीच नाही. पुढच्याच वर्षी, १९०२मध्ये, गोखल्यांनी फर्ग्युसन कॉलेजचा निरोप घेतला. तेव्हा त्यांचे वय होते ३६ वर्षे आणि मंजूर झालेले निवृत्तिवेतन दरमहा ३० रुपयांहून अधिक नव्हते.

त्यांचे खरे कार्य येथूनच सुरू झाले. मध्यवर्ती कायदेमंडळातील अर्थसंकल्पावरील भाषणे, १२ जून १९०५ रोजी स्थापन केलेली भारत सेवक समाज ही संस्था, त्याच वर्षीचे काँग्रेसचे अध्यक्षपद, १९११चे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणि १९१२चा दक्षिण आफ्रिकेचा दौरा, हे सारे या 'निवृत्ती'तले. सरकारी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या इस्लिंग्टन आयोगाचेही ते सदस्य होते. ते काम पूर्ण होण्यापूर्वीच, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. वय अवघे ४८.

गोखल्यांचे उदाहरण देऊन आजच्या कर्मचाऱ्याला थोडक्यात भागवण्याचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु तो त्यांच्या चरित्राचा विपर्यास ठरेल. अल्प पेन्शन त्यांनी स्वेच्छेने पत्करले होते. वडिलांमागे उघडे पडणे मात्र त्यांच्या कुटुंबाने निवडलेले नव्हते. गोविंदरावांच्या ८ रुपयांनी एक बुद्धिमान मुलगा शिकला, पण त्यापायी त्यांचे स्वतःचे शिक्षण सुटले. त्याग निवडलेला असेल तरच त्याला तेज असते. लादलेल्या त्यागाला ओढग्रस्त म्हणतात. डोंगर उतरणाऱ्या निवृत्तांच्या बोलण्यात जी चिंता डोकावते, ती या दुसऱ्या गोष्टीचीच आहे.