तसबिरीतले स्वामीजी

दर १२ जानेवारीला आपल्या शाळेत स्वामी विवेकानंदांच्या तसबिरीला हार घालून आपण शिकागोवर भाषणे ठोकायचो. एकदा बाईंच्या हातून मला बक्षीसही मिळाले. पण तसबिरीतला माणूस कळला, तो नोकरीसाठी गाव सोडल्यावर.

१८८४ मध्ये नरेंद्रनाथ दत्त बी.ए. झाला आणि त्याच वर्षी वडील वारले. डोक्यावर कर्ज, घरासाठी भाऊबंदांशी कोर्टकज्जे. नोकरीसाठी त्याने कोलकात्यातल्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. १८८६ मध्ये गुरू रामकृष्ण गेले, पुढे नरेंद्र संन्यासी झाला. १८९३ मध्ये शिकागो गाजवले, १८९७ मध्ये रामकृष्ण मिशन स्थापून दीनदुबळ्यांची सेवा हीच संन्याशाची साधना ठरवली. तरी आई भुवनेश्वरीदेवींची काळजी सुटली नाही. खेतडीचे राजे अजितसिंह तिच्यासाठी दरमहा १०० रुपये पाठवत. ते कायम मिळावेत, अशी विनंती स्वामीजींनी त्यांना केली. १९०१ मध्ये स्वतः आजारी असताना तिला पूर्व बंगाल आणि आसामच्या तीर्थयात्रेला नेले. ४ जुलै १९०२ रोजी, ३९ व्या वर्षी, ते गेले. आई मागे राहिली.

माझीही आई गावी एकटीच होती. हे वाचून खजील झालो. पुढच्याच सुटीत तिला पंढरपूरला घेऊन गेलो.

बाई, माझ्या त्या भाषणात नेमके हेच राहिले होते.