लोक लोणावळ्याला चिक्की घ्यायला जातात, १९२४ साली एक प्राचार्य तिथं शिस्तीचं शास्त्र शोधायला गेले

लोणावळा म्हटलं की भुशी डॅम, मक्याचं कणीस, चिक्कीची दुकानं आणि रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेस-वेवर लागलेली गाड्यांची रांग. हा आपला लोणावळा.

पण याच लोणावळ्यात वळवणच्या बाजूला कैवल्यधाम नावाची एक संस्था आहे. तिच्या प्रयोगशाळेत शंभर वर्षांपासून एकाच विषयाचा अभ्यास चाललाय. माणूस स्वतःच्या शरीराला आणि मनाला शिस्त लावतो, तेव्हा आत नेमकं काय होतं?

ही प्रयोगशाळा उभी करणारे स्वामी कुवलयानंद. दर १ जानेवारीला आपण जे संकल्प करतो आणि १० जानेवारीपर्यंत विसरतो, त्या दुखण्यावर या माणसाकडं खरंच काहीतरी सांगण्यासारखं होतं.

स्वामी हे नंतरचं नाव. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, बडोदा संस्थानातल्या डभोईचा. घर मराठी, वडील शिक्षक, परिस्थिती बेताची. पोरगा मात्र हुशार निघाला. १९०३ साली मॅट्रिकला त्यांनी जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवली. त्या काळात ही शिष्यवृत्ती मिळाली की गावात नाव व्हायचं.

पुढं कॉलेजसाठी ते बडोद्यात आले. अरविंद घोष तेव्हा बडोदा कॉलेजात शिकवत होते आणि लोकमान्य टिळकांचं नाव घरोघरी पोचलेलं होतं. या दोघांचा गुण्यांवर परिणाम झाला. देशासाठी काहीतरी करायचं, लग्न करायचं नाही, हे त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकलं.

आता असं विशीतल्या हजारो पोरांनी ठरवलं असेल. अडचण दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू होते.

गुण्यांना इथं एक उस्ताद भेटला. बडोद्यात जुम्मादादांची व्यायामशाळा होती आणि ती चालवायचे राजरत्न माणिकराव. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं गुणे या तालमीत राहिले. संस्कृतचा विद्यार्थी लाल मातीत उतरला. रोज ठरलेल्या वेळी हजर व्हायचं, उस्ताद सांगेल ते करायचं, सोबतच्या चार पोरांच्या डोळ्यादेखत करायचं. तालमीची हीच गंमत आहे. आज मन लागतंय की नाही, असं तिथं कुणी विचारत नाही. एक दिवस दांडी मारली की चौघं विचारतात, काल कुठं होतास.

म्हणजे त्यांची शिस्त आधी बाहेरून आली, उसनी आली. मला तर वाटतं बहुतेकांची तशीच येते, फक्त कबूल कुणी करत नाही.

शिक्षण संपवून गुणे खानदेशात अंमळनेरला गेले. हेच ते अंमळनेर जिथं पुढं साने गुरुजी शिक्षक झाले. तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते १९१६ साली प्राचार्य झाले. राष्ट्रीय शिक्षण हे त्यांचं स्वप्न होतं. पण १९२० साली इंग्रज सरकारनं ते कॉलेज बंद पाडलं. ज्या कामासाठी आयुष्य बांधून घेतलं होतं, तेच हातातून गेलं.

पण त्याच्या वर्षभर आधी एक गोष्ट घडून गेली होती. १९१९ साली नर्मदेकाठच्या मालसर गावात गुण्यांना परमहंस माधवदासजी भेटले. हे मूळचे बंगालचे वयोवृद्ध योगी. गुणे त्यांच्याकडं योग शिकले. माधवदासजी १९२१ साली गेले, त्यामुळं हा सहवास जेमतेम दोन वर्षांचा.

खरी गोष्ट इथून सुरू होते.

गुरूनं सांगितलं, अनुभव आला, डोळे मिटून मान्य केलं, हा सोपा रस्ता होता. गुण्यांची गुरूवर श्रद्धाही पक्की होती. तरी १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना घेतलं आणि थेट बडोद्याचं रुग्णालय गाठलं. योगक्रिया करणाऱ्या माणसाला एक्स-रे यंत्रापुढं उभं केलं. पोट आत खेचण्याची उड्डियान आणि पोटाचे स्नायू घुसळण्याची नौली, या क्रिया चालू असताना आतले अवयव कसे हलतात ते बघायचं होतं.

यात धोका होता. यंत्रानं वेगळंच काही दाखवलं असतं तर? गुरूची विद्या खोटी ठरली असती, आणि स्वतःची कैक वर्षंही. पण जी शिस्त तपासायची भीती वाटते ती फार दिवस टिकत नाही, हे त्यांना कळलं असावं.

पुढं दाबमापक लावून त्यांनी दाखवलं की नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. बस्तीच्या क्रियेत योगी पाणी आत कसं ओढून घेतात, याचं उत्तर त्यात होतं. चमत्कार नव्हता, निर्वात होता. त्याला त्यांनी गुरूचं नाव दिलं, माधवदास निर्वात.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं. तेव्हा त्यांचं वय ४१. मुंबई-पुण्याच्या मधलं रेल्वेवरचं गाव, थंड हवा, आणि पावसाळ्यात सलग आठ-आठ दिवस सूर्य न दिसणारं मावळ. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघालं. त्यात एक भाग शास्त्रीय, एक अर्धशास्त्रीय आणि एक सामान्य माणसासाठी. सोबत एक्स-रेचे फोटो. योग म्हणजे जंगलातल्या साधूंचं गूढ, असं ज्या काळात लोक समजायचे त्या काळात हे चाललं होतं.

यातला सामान्य माणसासाठीचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

कुवलयानंदांनी आसनांचा पूर्ण क्रम बसवला, आणि ज्यांना वेळ किंवा ताकद कमी आहे त्यांच्यासाठी वेगळा छोटा क्रमही बसवला. सुरुवात थोड्या वेळानं करायची, मग हळूहळू वाढवत न्यायची. जोर लावायचा नाही, दमेपर्यंत करायचं नाही. पहिल्याच दिवशी तासभर घाम गाळून चौथ्या दिवशी सोडणाऱ्यांचा विचार त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवला होता. १९३६ मध्ये त्यांचं ‘यौगिक संघ व्यायाम’ आलं, शाळेतल्या पोरांनी एकत्र करायच्या व्यायामाचं. माणिकरावांच्या तालमीतलं हे चौघांदेखत करणं, बहुतेक ते विसरले नव्हते.

प्राणायामानं शरीराला जादा ऑक्सिजन मिळतो हे आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. कुवलयानंदांनी प्रयोग करून तेव्हाच सांगितलं होतं की प्राणायामाचं महत्त्व ऑक्सिजनमध्ये नाही. आपल्याच विद्येचा खपाऊ दावा त्यांनी स्वतः खोडला.

नाव पसरत गेलं. १९२७ मध्ये गांधीजींना रक्तदाबाचा त्रास झाला तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला, दोघांत पत्रव्यवहार झाला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे के. टी. बेहनान लोणावळ्याला येऊन शिकून गेले आणि १९३७ साली त्यांचं योगावरचं पुस्तक निघालं. १९३६ पासून मुंबईत मरीन ड्राइव्हवर संस्थेचं केंद्र उभं राहिलं. १९५१ साली लोणावळ्यात योगाचं महाविद्यालय आलं, १९६१ साली योगोपचारांचं रुग्णालय.

१८ एप्रिल १९६६ ला कुवलयानंद गेले. कॉलेज, रुग्णालय, प्रयोगशाळा सगळं अजून सुरू आहे. ‘योगमीमांसा’ही निघतं. पुढच्या वेळी भुशी डॅमच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात तर गाडी वळवणकडं घ्या.